वीर्यातील सूक्ष्मजीवसमूह : विदा-विश्लेषण

वीर्यातील जीवाणूंच्या जनुकीय नोंदींचे संख्याशास्त्रीय पृथक्करण करून त्यांचा शुक्राणूंच्या गुणवत्तेशी असलेला संबंध तपासणारे संशोधनक्षेत्र. निरोगी पुरुषाचे वीर्यही निर्जंतुक नसते. मात्र त्यात जीवाणू थोडेच असल्याने निष्कर्षांची विश्वासार्हता विश्लेषणावर विशेष अवलंबून राहते.

पद्धती : जीवाणूंची ओळख बहुधा 16 एस आरआरएनए जनुकावरून पटवतात. या जनुकात सुमारे 1,500 क्षारक-जोड्या व नऊ परिवर्तनशील भाग असतात. ‘डाडा-2’ (2016) सारखी आज्ञावली जनुकाच्या क्रमनिर्धारणातील चुका गाळते. उरलेले क्रम ‘सिल्वा’सारख्या संदर्भसंग्रहाशी ताडून जीवाणूंची नावे ठरवतात. यातून तयार झालेला जीवाणूंच्या प्रमाणांचा तक्ता वीर्यतपासणीच्या आकड्यांशी जोडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेनुसार शुक्राणूंची खालची संदर्भमर्यादा दर मिलिलिटरला 1.6 कोटी, तर एकूण चलनक्षमतेची 42 टक्के आहे.

विश्लेषणातील अडचणी : (1) दूषण : डीएनए वेगळे करण्याच्या रसायनांतही जीवाणूंचे अंश असतात. साल्मोनेलाचे शुद्ध संवर्धन टप्प्याटप्प्याने विरल करत नेले असता शेवटी रसायनांतले जीवाणूच वरचढ दिसतात, हे 2014 मध्ये दाखवले गेले. म्हणून प्रत्येक तुकडीसोबत कोरे नमुने तपासावे लागतात.

(2) सापेक्षता : क्रमनिर्धारणातून प्रमाण कळते, प्रत्यक्ष संख्या नाही. एका नमुन्यात लॅक्टोबॅसिलस व प्रिव्होटेला हे जीवाणू प्रत्येकी 1,000 असतील, तर दोन्हींचा वाटा 50 टक्के. दुसऱ्यात लॅक्टोबॅसिलस तेवढेच, पण प्रिव्होटेला 9,000 असतील, तर लॅक्टोबॅसिलसचा वाटा 10 टक्क्यांवर येतो. त्याची संख्या घटल्याचा केवळ भास होतो. यावर जॉन एचिसन यांनी मांडलेली गुणोत्तरांच्या लॉगरिदमची पद्धत वापरतात.

(3) बहुविध चाचण्या : काहीही संबंध नसताना 200 प्रजाती 0.05 या पातळीवर तपासल्या, तरी सरासरी दहा ‘महत्त्वाच्या’ ठरतात. बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने (1995) अशा फसव्या निष्कर्षांचे प्रमाण आटोक्यात ठेवतात.

निष्कर्ष : तैवानमधील 96 नमुन्यांच्या अभ्यासात (2014) स्यूडोमोनस, लॅक्टोबॅसिलस व प्रिव्होटेला यांचे प्राबल्य असलेले तीन गट आढळले. सामान्य वीर्याचे बहुतेक नमुने लॅक्टोबॅसिलस गटात होते. प्रिव्होटेलाचा संबंध खालावलेल्या गुणवत्तेशी दिसला. उलट, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासात (2024) शुक्राणूंची चलनक्षमता कमी असलेल्या पुरुषांत लॅक्टोबॅसिलस इनर्स ही जाती अधिक आढळली. म्हणजे एकाच प्रजातीतील सर्व जातींना एका मापाने मोजता येत नाही.

मर्यादा : बहुतेक अभ्यास एकाच वेळच्या नमुन्यांवर आधारलेले असल्याने जीवाणू हे कारण की परिणाम, हे त्यांतून ठरत नाही. वय, प्रतिजैविके, लैंगिक संयमाचे दिवस व जोडीदाराचा सूक्ष्मजीवसमूह हे घटकही हिशेबात धरावे लागतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे 74 दिवस लागतात. त्यामुळे त्याहून अधिक अंतराने पुन्हा नमुने घेणारे दीर्घकालीन अभ्यास कार्यकारणभावाच्या उलगड्यास अधिक उपयुक्त ठरतात.