बहुमतावांचून अध्यक्षपद

ज्यास सर्वांत अधिक मतें तो निवडून आला, हा न्याय आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, निवडणुकीचा निकाल याहून निराळा लागूं शकेल हें सहसा ध्यानांत येत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र १८२४ सालच्या निवडणुकींत तसें घडलें.

त्या देशांत अध्यक्षाची निवड निरनिराळ्या संस्थानांचे निर्वाचक करतात. आणि विजयास नुसतें आधिक्य पुरत नाहीं, निम्म्याहून अधिक निर्वाचक अनुकूल असावे लागतात. त्या वर्षीं एकूण मतें २६१ होतीं. म्हणजे १३१ हवीं होतीं. सेनापति अँड्र्यू जॅक्सन यांस ९९, जॉन क्विन्सी ॲडम्स यांस ८४, क्रॉफर्ड यांस ४१ व हेन्री क्ले यांस ३७ मतें पडलीं. अशा प्रसंगीं काय करावें हें १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीनें ठरविलेलें होतें. पहिल्या तिघांतून एकाची निवड प्रतिनिधिगृहानें करावी, व तेथें प्रत्येक संस्थानास, तें लहान असो वा मोठें, एकच मत असावें.

येणेंप्रमाणें क्ले स्पर्धेंतून गळले. परंतु त्याच गृहाचे ते सभापति होते! त्यांनीं आपलें वजन ॲडम्स यांच्या पारड्यांत टाकलें. केंटकी हें क्ले यांचें संस्थान. तेथील विधिमंडळानें जॅक्सन यांचा पुरस्कार केला असतांही तेथील बहुसंख्य प्रतिनिधींनीं ॲडम्स यांस कौल दिला. ९ फेब्रुवारी १८२५ रोजीं पहिल्याच मोजणींत २४ संस्थानांपैकीं १३ ॲडम्स यांस, ७ जॅक्सन यांस व ४ क्रॉफर्ड यांस मिळालीं. एक संस्थान जरी फिरतें, तरी बहुमत हुकलें असतें.

येथवर सर्व कांहीं कायद्यास धरून होतें. परंतु थोड्याच दिवसांत ॲडम्स यांनीं क्ले यांस परराष्ट्रमंत्रिपद देऊं केलें, व क्ले यांनीं तें स्वीकारलें. मॅडिसन, मन्रो व स्वतः ॲडम्स हे त्याच पदावरून अध्यक्षपदास चढले होते. ‘हा सौदा आहे,’ अशी ओरड देशभर उठली. सौदा झाल्याचा निर्णायक पुरावा कधींच पुढें आला नाहीं. रस्ते, कालवे व संरक्षक जकाती यांविषयीं दोघांचीं मतें पूर्वींपासूनच जुळत होतीं. परंतु संशय पुराव्याची वाट पाहात नाहीं. १८२८ सालीं जॅक्सन यांनीं १७८ विरुद्ध ८३ मतांनीं ॲडम्स यांचा पराभव केला. क्ले पुढें १८३२ व १८४४ सालीं उभे राहिले, आणि दोन्ही वेळां हरले.

तो नियम आजही घटनेंत आहे. मात्र त्यानंतर अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे गेलेली नाहीं. शुद्ध असलें तरी लोकविरुद्ध असेल तें आचरूं नये, असें आपल्याकडील एक जुनें वचन सांगतें. निवाडा ज्याच्या हातीं आला, त्यानें त्या निवाड्याचें फळ स्वतः घेऊं नये, एवढा विवेक क्ले यांनीं राखला असता, तर ॲडम्स यांचें अध्यक्षपद जितकें कायदेशीर होतें तितकेंच लोकमान्यही होण्याची आशा होती.