नीना बांग : जकातीच्या वह्यांतून मंत्रिपदाकडे

डेन्मार्कच्या नीना बांग यांचे नाव निघाले की ‘पहिली महिला मंत्री’ एवढेच सांगितले जाते. 1924च्या एप्रिलमध्ये थॉरवाल स्टाउनिंग यांनी पहिले सोशल डेमोक्रॅट सरकार बनवले आणि त्यात त्यांना शिक्षणखाते दिले. त्याआधी रशियात अलेक्झांड्रा कोलोन्ताय आणि आयर्लंडच्या बंडखोर सरकारात कॉन्स्टन्स मार्कीव्हिच यांनी खाती सांभाळली होती. प्रस्थापित संसदीय लोकशाहीत मात्र हा मान प्रथम बांग यांना मिळाला. पण या बिरुदाने त्यांची खरी कमाई झाकली जाते, असे मला ठामपणे वाटते. मंत्रिपदापर्यंत त्यांना नेले ते इतिहासकाराच्या शिस्तीने आणि पक्षाच्या वृत्तपत्रात वर्षानुवर्षे केलेल्या लिखाणाने.

1866 साली जन्मलेल्या बांग यांनी कोपनहेगन विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास केला आणि पुढे जकातीच्या वह्यांवर संशोधन केले. ओरेसुंडच्या सामुद्रधुनीतून बाल्टिकमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून डॅनिश राजे हेल्सिंगोरला जकात घेत. पंधराव्या शतकात सुरू झालेली ही वसुली 1857मध्ये थांबली. तिच्या वह्यांत जहाजाचा तांडेल, त्याचे गाव, माल आणि रक्कम यांच्या नोंदी आहेत. 1497 ते 1660 या काळातल्या उपलब्ध नोंदींतून बांग यांनी तक्ते तयार केले आणि त्यांचा पहिला खंड 1906मध्ये निघाला. राजांच्या लढायांपेक्षा धान्य, मीठ आणि लाकूड कुठून कुठे गेले यात इतिहास शोधणे, ही त्यांच्या मार्क्सवादी दृष्टीची कसोटीच होती. ‘सोशल-डेमोक्रातेन’ या पक्षाच्या वृत्तपत्रातल्या त्यांच्या लेखनामागेही हीच दृष्टी होती. 1913मध्ये त्या कोपनहेगनच्या नगरसभेत आणि 1918मध्ये लान्सटिंग या वरिष्ठ सभागृहात पोचल्या.

यावर आक्षेप येईल की 1915च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना संसदेसाठी मताचा आणि उमेदवारीचा हक्क दिला नसता, तर कितीही विद्वत्ता असून लान्सटिंगचे दार उघडले नसते. हे खरेच आहे, आणि स्त्रियांच्या चळवळीचे ते ऋण बांग यांच्यावर होते. त्या स्वतः वर्गलढ्याला अग्रक्रम देत आणि मध्यमवर्गीय स्त्री-चळवळीपासून अंतर राखत, म्हणून ते ऋण कमी होत नाही. पण हक्क मिळाल्याने उमेदवारीची वाट मोकळी झाली. मंत्रिमंडळात कुणाला बसवायचे हा निर्णय पक्षाचा होता. दुसरा आक्षेप असा की मंत्री म्हणून त्यांच्या हातून फारसे घडले नाही. शिक्षकांचे प्रशिक्षण सुधारणे आणि शाळांचा कारभार अधिक लोकशाहीचा करणे यावर त्यांचा भर होता. मात्र 149 जणांच्या फोल्केटिंग या कनिष्ठ सभागृहात सत्ताधारी पक्षाचे अवघे 55 सदस्य होते आणि लान्सटिंगमध्ये विरोधकांचे वर्चस्व. अशा सरकारातल्या मंत्र्याला संमत कायद्यांच्या संख्येने जोखणे अन्यायाचे आहे. 1926च्या डिसेंबरमध्ये सरकार गेले, 1928मध्ये बांग वारल्या. त्यांची नेमणूक केवळ स्त्री म्हणून झाली असती, तर तीच जागा दुसऱ्या स्त्रीला देणे पक्षाला अवघड नव्हते. स्टाउनिंग 1929मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले आणि 1942पर्यंत राहिले, पण त्यांच्या मंत्रिमंडळांत पुन्हा स्त्री आली नाही. डेन्मार्कला दुसरी महिला मंत्री, फॅनी येन्सन, मिळाल्या त्या 1947मध्ये.