ऑन्टेरियोतील गांडूळवेचणी: रात्रीच्या एका धंद्याचा इतिहास

उत्तर अमेरिकेत हौसेने मासे धरणारी माणसे गळाला लावण्यासाठी जी मोठी गांडुळे विकत घेतात, त्यांपैकी बहुतेक कॅनडाच्या ऑन्टेरियो प्रांतात, टोरांटोपासून विंडसरपर्यंतच्या नैर्ऋत्य पट्ट्यातील शेतांवर, रात्रीच्या वेळी हाताने वेचलेली असतात. अभ्यासकांच्या अंदाजानुसार दरवर्षी 50 ते 70 कोटी गांडुळे या पट्ट्यातून बाहेर जातात. इतका मोठा माल असूनही शेतीच्या इतिहासात या धंद्याला फारशी जागा मिळालेली नाही. कारण जो जीव कोणी पेरला नाही आणि पाळलाही नाही, त्याची गणना पिकात करावी की शिकारीत, हे ठरवणे सोपे नव्हते.

हे गांडूळ, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, मूळचे युरोपातील. शेवटच्या हिमयुगात आजच्या कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली गेला होता आणि बर्फ ओसरल्यावर उरलेल्या त्या जमिनीत स्थानिक गांडुळे जवळजवळ नव्हतीच. युरोपीय वसाहतकारांनी आणलेल्या रोपांच्या मुळांची माती आणि जहाजांत भार म्हणून भरलेली माती यांच्याबरोबर ही जात तेथे पोचली. गळाला लावण्यासाठी तिचा उपयोग करण्याची रीतही युरोपातूनच आली. आयझॅक वॉल्टन याने 1653 साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या ग्रंथात दवात वर येणाऱ्या या गांडुळाचा उल्लेख आहे आणि ते आधी शेवाळात ठेवून साफ करून घ्यावे, असेही तेथे सांगितले आहे.

कोकणात गरवायला जाणारा माणूस पाणथळ जागेतून चार गांडुळे उकरून घेतो आणि त्याचे काम भागते. मागणी कोटींच्या घरात गेली की ‘गांडुळे पाळावीत’ हा विचार साहजिकच पुढे येतो, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना गांडूळखताच्या निमित्ताने तो परिचितही आहे. परंतु खताच्या वाफ्यांत वाढणारी लाल गांडुळे पृष्ठवासी असतात, म्हणजे कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात आणि शेणातच राहतात. त्यांच्या एका कोशातून अनेक पिल्ले निघतात आणि ती काही आठवड्यांत वाढतात. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस याच्या अगदी उलट. ते जमिनीत एक-दोन मीटर खोल उभे बीळ करून एकेकटे राहते, रात्री वर येऊन पाने बिळात ओढून नेते, त्याच्या कोशातून बहुधा एकच पिल्लू निघते आणि ते पूर्ण वाढायला वर्षाच्या आसपास काळ लागतो. असा प्राणी वाफ्यात पोसणे व्यापाराला परवडले नाही. जमिनीतील गांडुळांची मोजदाद करण्यासाठी शास्त्रज्ञ मोहरीच्या पुडीचे पाणी ओतून त्यांना वर आणतात, परंतु शेकडो एकरांवर तो उपाय चालणारा नाही, आणि म्हणून कापणीपासून दूध काढण्यापर्यंत सगळीकडे यंत्रे आली तरी येथे माणसाची बोटे हेच अवजार राहिले. या धंद्याचा पुढचा सारा इतिहास, विशेषतः त्यातील मजुरांचा इतिहास, गांडुळाच्या या स्वभावातून समजून घ्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आणि पगारी सुट्ट्या सामान्य अमेरिकन कुटुंबांच्या आवाक्यात आल्या, तळ्याकाठच्या सहली वाढल्या आणि त्यांच्याबरोबर आमिषाची मागणीही वाढली. टोरांटोच्या परिसरात आरंभी गोल्फची मैदाने हे वेचणीचे मुख्य ठिकाण होते: हिरवळीला रोज पाणी मिळे, गवत आखूड कापलेले असल्याने गांडूळ चटकन दिसे, आणि गांडुळांनी वर टाकलेल्या मातीच्या ढिगल्या खेळाला अडथळा आणत. पुढे वेचणी दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतांकडे वळली. ज्या शेतात लसूणघास आणि इतर चारा तीन-चार वर्षे नांगर न लावता उभा असतो आणि भरपूर शेणखत पडते, तेथे या गांडुळांची संख्या चांगली वाढते. कॅनडाने 1960च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुधाचे उत्पादन आणि भाव नियंत्रित करणारी व्यवस्था उभी केली व तिच्या आधाराने मध्यम आकाराची गोठ्यांची शेते टिकली. गांडुळांचे व्यापारी ही शेते रात्रीपुरती भाड्याने घेऊ लागले. दिवसा शेतकऱ्याचा चारा आणि रात्री व्यापाऱ्याची गांडुळे, असे एकाच जमिनीचे दोन धनी झाले.

वेचणी वसंतापासून शरदापर्यंत चालते आणि पाऊस पडून गेलेली, उबदार, वारा नसलेली रात्र तिला सर्वांत अनुकूल असते. वेचणाऱ्याच्या कपाळाला दिवा असतो आणि दोन्ही पोटऱ्यांना एकेक डबा बांधलेला असतो: एकात गांडुळे टाकायची आणि दुसऱ्यातल्या लाकडाच्या भुशात बोटे बुडवून घ्यायची, कारण गांडुळाच्या चिकट स्रावाने बोटे बुळबुळीत होतात. गांडूळ बहुतेक अंग बाहेर काढून गवतावर पसरलेले असते, पण शेपटीकडचे टोक बिळातच रोवून ठेवते. त्याला डोळे नसले तरी त्वचेला प्रकाश जाणवतो आणि पावलांची थरथर लागताच ते क्षणात आत जाते. म्हणून दिवा मंद ठेवून, पाऊल हलके टाकून, कमरेत वाकलेल्या अवस्थेतच पुढे सरकावे लागते. पकडायचे ते बिळाच्या तोंडाशी. हिसका दिला तर शरीरावरचे बारीक ताठर केस बिळाच्या भिंतीत रुततात आणि गांडूळ तुटते, आणि तुटलेले एक गांडूळ डब्यात कुजून इतरांनाही मारते. तेव्हा क्षणभर ताण धरून, पकड सैल झाल्याचे बोटांना कळताच ते अलगद ओढून घ्यायचे. मीलनासाठी दोन गांडुळे एकमेकांना चिकटलेली सापडली तर एका खेपेत दोन मिळतात. सराईत माणूस चांगल्या रात्रीत दहा हजारांहून अधिक गांडुळे वेचतो. हे कौशल्य कोणत्याही कुशल कारागिरीच्या तोडीचे आहे, आणि त्याला अकुशल मजुरी म्हणणे अन्यायाचे आहे.

वेचलेला माल शीतगृहात ओलसर थरांत ठेवतात आणि थंड गाड्यांतून सीमापार पाठवतात. तेथे तो डझनांच्या डब्यांतून विकला जातो आणि उरलेली गांडुळे अनेकदा तळ्याकाठीच टाकली जातात. आपल्या बळावर ही जात वर्षाला जेमतेम काही मीटर सरकते, तरीही मिनेसोटासारख्या राज्यांच्या दूरच्या जंगलांत ती आणि तिच्या बहिणी पोचल्या व पानांचा जो जाड थर मेपलच्या रोपांना आणि रानफुलांना आधार देत होता तो त्यांनी खाऊन संपवला, यात तळ्याकाठी टाकलेल्या या आमिषाचाही वाटा आहे.

वेचणाऱ्या हातांचा क्रम कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या क्रमानेच चालत आला. प्रथम ग्रीक, इटालियन आणि पोर्तुगीज कुटुंबे आली. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातील युद्धांनंतर, 1979-80 या दोन वर्षांत कॅनडाने सुमारे 60 हजार निर्वासितांना आश्रय दिला, तेव्हा हे काम मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडे गेले. भाषा येत नसली तरी चालणारे, ओळखीच्या मुकादमाच्या गाडीतून जाऊन करता येणारे आणि नगावर मजुरी देणारे असे ते काम होते. दिवसा कारखान्यात राबणाऱ्या बायकाही रात्री शेतावर जात. सुवनखाम थम्मवोंगसा या लाओशियन निर्वासित कुटुंबातील लेखिकेच्या, 2020 साली गिलर पारितोषिक मिळालेल्या कथासंग्रहात याच कामावर एक कथा आहे: तीत वेचणीत निष्णात असलेल्या आईच्या डोक्यावर, नव्यानेच कामाला आलेला गोरा मुलगा मुकादम म्हणून बसवला जातो. मजुरांच्या बाजूने या धंद्याविषयी लिहिले गेलेले साहित्य इतके थोडे आहे की, ही कल्पित कथाही इतिहासकाराने बाजूला ठेवू नये.

निर्वासितांची मुले शिकून इतर व्यवसायांत गेली आणि त्यांची जागा मुदतीच्या परवान्यावर थायलंडसारख्या देशांतून आणलेल्या मजुरांनी घेतली. आधीच्या पिढ्यांना काम सोडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक होती; यांच्यापैकी बहुतेकांचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो. मोजणी मात्र पूर्वीप्रमाणेच हजारावर होते, आणि कोरड्या पडलेल्या आठवड्यात गांडुळे बिळाबाहेर येत नाहीत, तेव्हा मोजायला काही उरत नाही.