कोविड-१९ काळातील भारतीय व्हिसा मुदतवाढ

कोविड-१९ महासाथीमुळे भारतात अडकून पडलेल्या परदेशी नागरिकांच्या व्हिसाची व वास्तव्याची मुदत केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२० व २०२१ या वर्षांत वेळोवेळी वाढवली. ही सवलत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली.

पार्श्वभूमी

व्हिसाची मुदत उलटल्यावर देशात राहणे हा विदेशी नागरिक अधिनियम, १९४६ अन्वये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा होता. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यामुळे परतण्याची इच्छा असूनही मार्ग नसलेले पर्यटक स्वतःचा दोष नसताना कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची भीती निर्माण झाली. गोव्यात तर पर्यटनाचा हंगाम अजून सरायचा होता. तेथील अनेक पाहुणे आपापल्या देशांनी ठरवलेल्या विशेष विमानांनी परतले. उरलेल्यांना मुदतवाढीचाच आधार होता.

स्वरूप

१ फेब्रुवारी ते ३० एप्रिल २०२० या काळात मुदत संपणाऱ्यांना ३० एप्रिलपर्यंत राहण्याची मुभा मिळाली. शुल्क माफ होते, मात्र ऑनलाइन अर्ज आवश्यक होता. टाळेबंदी लांबताच मे महिन्यात निराळा निकष आला : विमानप्रवासावरील बंदी उठल्यानंतर ३० दिवस. यात दिलासा होता, पण निश्चित तारीख नव्हती. बंदी केव्हा उठेल हे कोणालाच सांगता येत नव्हते.

४ जून २०२१ रोजी ही संदिग्धता दूर झाली. मार्च २०२० पूर्वी येऊन अडकलेल्यांचे व्हिसा अर्ज व दंडाशिवाय ३१ ऑगस्टपर्यंत वैध मानले गेले आणि पुढे ही तारीख ३० सप्टेंबर झाली. देश सोडण्यापूर्वी निर्गमन परवानगी घ्यावी लागे. तीही निःशुल्क होती. ३० सप्टेंबरनंतर राहू इच्छिणाऱ्यांना मात्र शुल्क भरून रीतसर अर्ज करणे भाग होते. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे २७ मार्च २०२२ रोजी, म्हणजे सवलत संपल्यावर सुमारे सहा महिन्यांनी, पूर्ववत झाली.

परदेशातील भारतीय

अमेरिकेत अशी सरसकट मुदतवाढ नव्हती. मुलांकडे गेलेल्या आईवडिलांसारख्या पाहुण्यांना आय-९४ नोंदीवरील तारखेपूर्वी आय-५३९ हा अर्ज सशुल्क भरावा लागे. पासपोर्टवरील व्हिसा वर्षानुवर्षे वैध असला, तरी वास्तव्याची मर्यादा आय-९४ वरूनच ठरते; या दोहोंची गल्लत नेहमी होते.