नचिकेता : पितृआज्ञा आणि श्रद्धा

कृष्ण यजुर्वेदाच्या परंपरेतील कठोपनिषदाचा बालनायक. वाजश्रवस नावाच्या यजमानाचा मुलगा. उपनिषदात याच पित्याला गौतम असेही संबोधले आहे आणि यम त्याचा उल्लेख औद्दालकि आरुणि असा करतो. या नावांची सांगड भाष्यकारांनी वेगवेगळ्या तऱ्हेने घातली आहे. पित्याने रागाच्या भरात ‘तुला मृत्यूला देतो’ असे म्हटल्यावर नचिकेता यमाच्या घरी गेला, तेथे तीन रात्री उपाशी राहिला आणि त्याबद्दल मिळालेल्या तीन वरांपैकी शेवटच्या वराने त्याने आत्मविद्या मिळवली, अशी ही कथा आहे. आज्ञाधारक पुत्राचा आदर्श म्हणून ती नेहमी सांगितली जाते. मूळ संहिता नीट वाचली, तर हा आदर्श निराळा दिसतो. नचिकेत्याची निष्ठा पित्याच्या मर्जीवर नसून पित्याने दिलेल्या शब्दावर आहे, आणि तो शब्द पुत्राइतकाच पित्यालाही बांधतो. कथेचे तेज या दुहेरी बंधनात आहे.

सुरुवात यज्ञात होते. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा संकल्प केला आहे. शंकराचार्यांच्या मते हा विश्वजित् यज्ञ. दक्षिणेच्या गाई पुढे नेल्या जात असताना कुमारवयाच्या नचिकेत्यात श्रद्धा शिरते, असे उपनिषद म्हणते. श्रद्धा शिरताच मुलगा नमस्कार करत नाही की मान खाली घालत नाही. तो गाईंकडे पाहतो. पाणी पिण्याचे, गवत खाण्याचे त्यांचे दिवस सरले आहेत, दूध कधीच आटले आहे, विण्याची शक्ती उरलेली नाही. असल्या गाई देणाऱ्याला आनंदहीन लोक प्राप्त होतात, हा विचार त्याच्या मनात येतो. दक्षिणेवाचून यज्ञ पुरा होत नाही, ही वैदिक कर्मकांडाची ठाम समजूत आहे. तेव्हा निकामी गाई देणे हा नुसता कंजूषपणा नाही, सगळा यज्ञच पोकळ करणे आहे. मग तो विचारतो, ‘बाबा, मला कोणाला देणार?’ सर्वस्व द्यायचे तर पोटचा मुलगाही त्यात आला, हा हिशेब या प्रश्नात दडलेला आहे. तो दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, आणि मग ते संतप्त उत्तर येते. शंकराचार्यांनीही या श्रद्धेमागे पित्याच्या हिताची तळमळ पाहिली आहे: यज्ञातल्या उणिवेचे अनिष्ट फळ आपण स्वतःला देऊनही टाळले पाहिजे, असे मुलाला वाटले, हे त्यांचे विवरण. म्हणजे पित्याचे चुकते आहे हे मुलाला कळले होते, ही गोष्ट आधुनिक वाचकाने कथेवर लादलेली नाही.

आज्ञापालनाचे खरे स्वरूप कळायला या कथेचे आधीचे रूप उपयोगी पडते. तैत्तिरीय ब्राह्मणात (३.११.८) हीच गोष्ट येते, पण तेथे पित्याच्या उद्गारानंतर एक दिव्य वाणी मुलाला सगळे शिकवते: यम घरी नसताना जा, तीन रात्री काही न खाता राहा, आणि कोणत्या रात्री काय खाल्लेस असे त्याने विचारले तर पहिल्या रात्री तुझी प्रजा, दुसऱ्या रात्री तुझे पशू, तिसऱ्या रात्री तुझे पुण्य, असे सांग. मुलगा पढवल्याप्रमाणे वागतो. तेथे पहिल्या वराने तो जिवंत पित्याकडे परततो, दुसऱ्याने आपले पुण्यकर्म अक्षय करून घेतो, आणि तिसऱ्याने पुनर्मृत्यू टाळण्याचा उपाय, तोही अग्निचयनाच्याच रूपाने, शिकतो. कठोपनिषदाने ही वाणी काढून टाकली. तिच्या जागी मुलाचे स्वतःशी चाललेले बोलणे आले: अनेकांत मी पहिला असतो, अनेकांत मधला, यमाचे माझ्याकडे असे काय काम असावे? मग तो पित्याकडे वळून म्हणतो की पूर्वज कसे वागले ते पाहा, इतर कसे वागतात ते पाहा. माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा उगवतो. बोललेले आता खोटे करू नका, असा याचा रोख शंकराचार्य सांगतात. पश्चात्तापाने डळमळलेल्या बापाला मुलगा धीर देतो आहे. जो निर्णय आधी देववाणीचा होता तो इथे मुलाचा स्वतःचा झाला, आणि हा बदल मला फार मोलाचा वाटतो. निमूट आज्ञापालनच ठसवायचे असते, तर आधीचे रूप त्याला अधिक सोयीचे होते.

यावर पहिला आक्षेप असा की नचिकेता पहिला वर पित्यासाठीच मागतो: गौतमाचे मन शांत होवो, माझ्यावरचा राग जावो, मी परतल्यावर त्याने मला ओळखून माझ्याशी बोलावे. शब्दनिष्ठाच प्रधान असती, तर पितृप्रेमाला अग्रस्थान कसे मिळाले? यातील प्रेम नाकारण्याचे कारण नाही. परंतु राग शांत व्हावा असे मागावे लागते याचाच अर्थ मुलाने पित्याला दुखावले होते, आणि ते त्याला ठाऊक होते. मागताना तो आपले प्रश्न मागे घेत नाही. निष्ठा आणि टीका एकाच मनात राहू शकतात, हे पहिला वरच दाखवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राचीन समाजात मुलगा ही बापाची मालमत्ता होती. मृत्यूला दिलेल्या मुलाने मुकाट जाणे हा त्या सत्तेचाच गौरव नव्हे काय? अशी सत्ता मानणारे मत होते यात शंका नाही. वसिष्ठ धर्मसूत्र मुलाला देण्याचा, विकण्याचा, टाकण्याचा अधिकार आईबापांना देते. फक्त एकुलता एक मुलगा देऊ नये, असे बजावते. ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेप आख्यानात तर उपासमारीने गांजलेला अजीगर्त शंभर गाईंना मधला मुलगा शुनःशेप विकतो, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला बांधतो, आणखी शंभरांसाठी शस्त्र उपसून पुढे येतो. पण हे आख्यान बापाच्या बाजूने उभे राहत नाही. देवांच्या स्तुतीने पाश सुटल्यावर शुनःशेप विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो आणि परत बोलावणाऱ्या अजीगर्ताला साफ नकार देतो. ज्याच्या जागी शुनःशेपाला बळी म्हणून विकत घेतले तो राजपुत्र रोहितही पिता हरिश्चंद्राचे न ऐकता धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेलेला असतो. आपस्तंब धर्मसूत्राला अपत्याचे दान आणि विक्री दोन्ही मान्य नाहीत. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित् यज्ञाचाच विचार करताना निर्णय दिला आहे की यजमान ज्याचा स्वामी आहे तेवढेच तो देऊ शकतो; नातलग त्यात मोडत नाहीत. या पार्श्वभूमीवर नचिकेत्याचे जाणे वेगळे दिसते. त्याला कोणी बांधले नाही, विकले नाही, आणि पित्याचे मन बदलत असताना थांबण्याची वाट त्याला मोकळी होती.

हिब्रू बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातील (अध्याय २२) अब्राहाम आणि इसहाक यांची कथा याच संदर्भात नेहमी आठवते. तेथे आज्ञा देवाची आणि परीक्षा पित्याची आहे. मोरिया प्रदेशातील डोंगराकडे जाताना इसहाक एकदाच विचारतो की अग्नी आणि लाकडे आहेत, होमासाठी कोकरू कुठे आहे? देव पाहील, एवढे उत्तर त्याला मिळते, आणि त्यानंतर वेदीवर बांधले जाईपर्यंत तो बोलत नाही. दोन्ही कथांत मुलगा बलिदानाच्या साहित्याविषयी विचारतो, हे साम्य लक्षणीय आहे. पण एका कथेत प्रश्न विश्वासात विरतो आणि दुसरीत तो मृत्यूच्या दारापर्यंत चालत जातो. तिसऱ्या वराच्या बदल्यात यमाने नचिकेत्याला शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे, हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य देऊ केले, तेव्हा मुलाने ते नाकारले. पित्याच्या जीर्ण गाईंना न भुलणारी नजर यमाच्या ऐश्वर्यालाही भुलली नाही. तिसऱ्या वराची पात्रता पहिल्या प्रसंगातच सिद्ध झाली होती.

महाभारताच्या अनुशासनपर्वात ही कथा पुन्हा येते आणि तिचा रोख बदलतो. उद्दालकि ऋषी नदीकाठी विसरलेल्या समिधा, दर्भ, फुले आणायला मुलाला पाठवतो. नदीने ती वाहून नेल्यामुळे मुलगा रिकाम्या हाताने परततो, आणि भुकेने कावलेला बाप ‘यमाला पाहा’ असे बोलून जातो. मुलगा तत्काळ कोसळतो. शोकाने व्याकूळ पित्याच्या अश्रूंनी तो पुढे सावध होतो आणि यमाने दाखवलेल्या, गोदान करणाऱ्यांच्या दिव्य लोकांचे वर्णन करतो. कारण भीष्म ही गोष्ट युधिष्ठिराला गोदानाचे माहात्म्य सांगण्यासाठी ऐकवत आहेत. गाई इथेही आहेत, पण त्या निकस असल्याचे ओळखणारा, बापाला तीनदा विचारणारा मुलगा नाही. बापाचा शब्द आता शाप आहे आणि मुलगा त्याला केवळ बळी पडतो. आज्ञाधारक पुत्राचे लोकप्रिय चित्र या कथेला जितके जवळचे आहे, तितके ते उपनिषदाला नाही.