बारा फळ्यांचा कायदा

आपल्या रोजच्या वापरातल्या ‘टेबल’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ताबुला’ हे आहे. ताबुला म्हणजे लाकडाची फळी. तिच्यावर मेण थापून रोमन लोक हिशेब लिहीत, मृत्युपत्रेही लिहीत. म्हणून खातेवही आणि मृत्युपत्र हेही या शब्दाचे अर्थ झाले. ‘नव्या ताबुला’ म्हणजे कर्जमाफी! ती मागणी उठली की सावकारांना धडकी भरे.

पण या शब्दाला खरे वजन दिले ते इ.स.पू. 451-450च्या बारा फळ्यांच्या कायद्याने. तोवर कायद्याचे ज्ञान पुरोहित-उमरावांच्या मुठीत होते. तो लिहून चव्हाट्यावर लावा, ही सामान्यांची मागणी. कायदा लिहिला गेला, पण सौम्य झाला नाही. कबूल कर्जासाठी 30 दिवसांची मुदत. नंतर धनको ऋणकोला 60 दिवस बेड्यांत ठेवू शके. तरी फेड झाली नाही, तर मृत्यू किंवा तिबेर नदीपलीकडे विक्री.

या फळ्या कशाच्या होत्या? लिव्ही कांशाच्या म्हणतो. पॉम्पोनियसच्या उपलब्ध पाठात ‘हस्तिदंताच्या’ आहे. तिथे मुळात ‘ओकच्या लाकडाच्या’ असावे, अशी दुरुस्ती काही अभ्यासकांनी सुचवली. लॅटिनमध्ये दोन्ही शब्द दिसायला जवळचे आहेत. ताबुलाचा मूळ अर्थ पाहता मला ती पटते.

मूळ फळ्या उरल्या नाहीत. इ.स.पू. 198चा कॉन्सल सेक्स्टस एलियस याने मूळ वचने, त्यांचा अर्थ आणि दाव्याची रीत असा तिहेरी ग्रंथ रचला. तोही लुप्त झाला. सिसेरोने लहानपणी ही वचने पाठ केली होती. आज आपल्याकडे आहेत ती इतरांच्या ग्रंथांतली अवतरणे. त्यांची जुळणी करण्यात डिर्कसेन या जर्मन पंडिताचे 1824चे काम पायाभूत ठरले.

मात्र फळ्या वाचता आल्या म्हणून न्याय मिळतच होता, असे नाही. गायस एक दाखला देतो: वेली तोडल्याचा दावा लावणाऱ्याने ‘वेली’ हाच शब्द उच्चारला आणि दावा गमावला, कारण कायद्यात ‘झाडे’ असा शब्द होता. दाव्याची ही ठरावीक वाक्ये पुरोहितांकडेच राहिली. परंपरेनुसार इ.स.पू. 304च्या सुमारास ग्नेयस फ्लावियसने ती प्रसिद्ध केली, दावे चालवण्याचे दिवसही जाहीर केले. तो एका मुक्त गुलामाचा मुलगा, पेशाने लेखनिक. फळ्या लागल्यापासून तोवर सुमारे दीडशे वर्षे लोटली होती.