कराला नाक नसतं

मागच्या उन्हाळ्यात परभणीत जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजात बसलो होतो. एक निवृत्त गुरुजी त्यांची जुनी पेट्रोल मारुती घेऊन आले. इंजिनाचं काम नुकतंच झालेलं, आणि हातात पीयूसीचा ताजा कागद. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के, त्यांच्या गाडीचा आकडा ०.२. गुरुजी खुशीत होते. मिस्त्रीला म्हणाले, "धूर एवढा कमी झालाय, तर हरित करात काही सूट मिळंल का?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "सर, धूर कमी झाला, पण वय कुठं कमी झालं?"

सगळे हसले. प्रश्न मात्र मनात राहिला. गाडीचं प्रदूषण आपल्या खर्चानं, आपल्या मेहनतीनं कमी केलं, तर तिचा कर कमी व्हायला नको का? महाराष्ट्रात याचं उत्तर 'नाही' असंच आहे. ते तसं का झालं, हे समजायला शंभर वर्षं मागं जावं लागतं.

१९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. मोटारी वाढत होत्या, रस्ते उखडत होते आणि त्यांची दुरुस्ती स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालली होती. समितीच्या शिफारशीनुसार १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचं जादा शुल्क आलं आणि त्यातून मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. त्यामागचा विचार साधा होता. जो जास्त फिरेल, तो जास्त पेट्रोल जाळेल आणि तोच जास्त भरेल. घरी उभ्या गाडीला हे दोन आणे लागत नव्हते.

त्याच्याच बाजूनं दुसरा कर वाढत होता. तो होता गाडी बाळगण्याचा कर, आणि तो प्रांतांच्या हातात होता. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेनं वाहनांवरचा कर राज्यसूचीत ठेवला. परभणी तेव्हा हैदराबाद राज्यात होती, म्हणून इथं १९५५ चा हैदराबादचा वाहन कर कायदा लागू झाला. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली मुंबई मोटार वाहन कर अधिनियम झाला. महाराष्ट्रात आजही वाहन कर आकारला जातो तो याच कायद्याखाली, फक्त नावात आता मुंबईच्या जागी महाराष्ट्र आहे.

या कायद्यातले शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. राज्यात वापरल्या जाणाऱ्या 'किंवा वापरासाठी ठेवलेल्या' प्रत्येक वाहनावर कर. दर ठरायचे ते मोटारीचं रिकामं वजन, बसमधली आसनं आणि ट्रकचं भारासहित वजन यांवर. प्रश्न रस्त्याच्या झिजेचा होता, हवेचा नव्हता. जड गाडी रस्ता जास्त खराब करते, तेव्हा तिनं जास्त द्यावं. गाडी काही काळ वापरणार नाही असं आधी कळवलं, तर त्या काळाच्या करातून सुटका मिळण्याची सोयही होती. म्हणजे धूर शून्यावर आणणाऱ्याला त्या कायद्यात एक वाट होती. फक्त ती धुरासाठी काढलेली नव्हती.

पुढं खासगी गाड्यांचा वार्षिक कर मागं पडला आणि एकरकमी कर आला. वजनाची जागा किमतीनं घेतली. २०१७ च्या वाढीनंतर पेट्रोल मोटारीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के आणि सीएनजी-एलपीजीला ७ ते ९ टक्के असे दर झाले. सीएनजी-एलपीजीचा दर २०२५ मध्ये एक टक्क्यानं वाढला. विजेवरच्या गाड्यांना २०२१ च्या धोरणानं करमाफी दिली. आता कर इंधन पाहू लागला होता, हे खरं. पण तो ते नोंदणीच्या दिवशी पाहतो. एकदा रक्कम भरली की गाडी रोज नांदेडला न्या नाहीतर ताडपत्रीखाली झाकून ठेवा, हिशोब तोच.

मग २०१० साली पर्यावरण कर आला. लोक त्याला हरित कर म्हणतात. खासगी गाडीला पंधरा वर्षं आणि व्यावसायिक गाडीला आठ वर्षं झाली की तो सुरू होतो. आला तेव्हा पाच वर्षांसाठी दुचाकीला २,०००, पेट्रोल मोटारीला ३,००० आणि डिझेल मोटारीला ३,५०० रुपये असा दर होता. नाव पर्यावरणाचं, पण मोजमाप वयाचं.

वयाचं मोजमाप परभणीसारख्या जिल्ह्याला जरा जास्तच लागतं. २०१० साली पुण्या-मुंबईसह १३ मोठ्या शहरांत बीएस-४ मानक सक्तीचं झालं. सोलापूरही त्या यादीत होतं, परभणी नव्हती. देशभर सगळीकडं बीएस-४ सक्तीचं व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. मधल्या काळात पुण्यात नोंदवता न येणारी नवी गाडी छोट्या गावांत खुशाल विकली जात होती. तिचा धूर गिऱ्हाइकानं निवडलेला नव्हता. तो सरकारच्या वेळापत्रकानं त्याच्या दारात आला होता.

मग पीयूसीचा आकडाच कराला का जोडू नये? असं एका ठिकाणी करून पाहिलं गेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटननं लॉरी आणि बससाठी 'कमी प्रदूषणाचा दाखला' सुरू केला. जुन्या गाडीला धूर कमी करणारं उपकरण बसवा, तपासणी करून घ्या आणि वर्षाच्या करात सूट मिळवा. आपल्या गुरुजींना हवी होती ती हीच योजना. ती अनेक वर्षं चालली आणि पुढं बंद झाली. मोटारींना मात्र तिथंही हे लागू नव्हतं. २००१ पासून तिथं मोटारीचा कर कार्बन डायऑक्साइडवर ठरू लागला, पण तो आकडा कारखान्यातून निघालेल्या नमुन्याचा असायचा, तुमच्या दारातल्या गाडीचा नव्हे.

ब्रिटनचाच आणखी एक जुना धडा आहे. १९२१ पासून तिथं एका अश्वशक्तीला एक पौंड असा कर होता, आणि ही अश्वशक्ती फक्त सिलिंडरच्या संख्येवरून आणि व्यासावरून काढायची. कारखान्यांनी काय केलं? अरुंद आणि उंच सिलिंडरची इंजिनं बनवली. कागदावर अश्वशक्ती कमी, रस्त्यावर ताकद तीच. २०१५ साली फोक्सवॅगनची डिझेल इंजिनं चाचणीपुरती सभ्य वागताना पकडली गेली, ती याच जातीची हुशारी.

पीयूसीचं तसंच होईल, ही भीती खोटी नाही. ती चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते. ज्या कागदावर पैसे ठरतात, त्या कागदाला भाव येतो. म्हणून सरकारं वाद घालता येणार नाहीत अशा गोष्टी मोजत आली आहेत. वजन काट्यावर दिसतं, किंमत बिलावर आणि वय आरसीवर. कराला डोळे असतात, नाक नसतं.

तरीही प्रदूषणाच्या बरोबरीनं कमी-जास्त होणारा एक कर आपल्याकडं आहेच. तो आरटीओत नाही, पंपावर आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि प्रत्येक लिटरवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो. इंजिन नीट ठेवलं, कमी फिरलं की हा कर त्याच दिवशी कमी होतो. अर्ज नाही, दाखला नाही. जयकरांचे दोन आणे अजून जिवंत आहेत ते इथं.

आणि इथं परभणीकर कुणाच्या मागं नाही. डेपो लांब, वाहतूक जास्त, म्हणून परभणीचं पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महागांपैकी असतं. सप्टेंबर २०१८ मध्ये ते ९० रुपयांपुढं गेलं तेव्हा देशभरच्या बातम्यांत परभणीचं नाव झळकलं होतं.

या करातही एक खोट आहे. तो कार्बन डायऑक्साइडचा हिशोब ठेवतो, पण नाकाला झोंबणाऱ्या धुराचा ठेवत नाही. सारखंच पेट्रोल पिणाऱ्या दोन गाड्यांतली एक स्वच्छ आणि एक घाणेरडी असली, तरी दोघींना कर सारखाच. गुरुजींनी ०.५ वरून ०.२ वर आणलेला आकडा, म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाणारा विषारी वायू, तिथंही बिनमोलच राहतो.

तो आकडा सरकारकडं नाही असंही नाही. पीयूसीची नोंद आता ऑनलाइन होते, गाडीच्या क्रमांकासमोर दिसते. मर्यादा ओलांडली किंवा पीयूसी नसली तर १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. म्हणजे दंड करताना धुराच्या आकड्यावर भरवसा, आणि सूट द्यायची वेळ आली की त्यावर भरवसा नाही. चाचणी विश्वासाची नसेल तर ती आधी विश्वासाची करायला हवी. ती विश्वासाची असेल तर हरित करात निदान शे-दोनशे रुपयांची सूट तिच्यावर ठरायला हरकत काय?

गुरुजींनी हरित कर भरला. गाडी आता लिटरला दोन किलोमीटर जास्त देते, म्हणाले. तेवढीच त्यांची सूट.